१६ वर्षांची ट्रान्स मुलगी, मुलींची ४०० मीटर आणि क्रीडाशिक्षकांची अडचण

ज्युनिअर कॉलेजच्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे अकरावीत एक १६ वर्षांची विद्यार्थिनी आहे. शाळेच्या दाखल्यावर ती मुलगा आहे. गेल्या वर्षी तिने आधी घरी आणि मग सरांना सांगितलं की ती मुलगी आहे. आई तिच्या बाजूने आहे, वडील अजून गप्प आहेत. ४०० मीटर ती ५५ सेकंदांत पळते आणि आता तिला १७ वर्षांखालील मुलींच्या गटात उतरायचं आहे. सर विचारतात: उतरवू का? नाही म्हटलं तर मी तिच्यावर अन्याय करतोय का? तिने पुढे हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तर उत्तर बदलेल का? आणि कुणकुण लागलेले बाकीच्या मुलींचे पालक येऊन भेटतायत, त्यांना काय सांगू?

सर, मी क्रीडावैद्यक क्षेत्रात डॉक्टर आहे. त्याआधी विद्यापीठ स्पर्धांपर्यंत स्वतः ४०० मीटर पळायचे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना माझं थोडं थोडं काहीतरी अडकलेलं आहे. निष्कर्ष आधी सांगून टाकते. जिथे निवड होते, पदक मिळतं, प्रमाणपत्र मिळतं, त्या स्पर्धेत तिला मुलींच्या गटात उतरवू नका. पण मैदानाबाहेर तिला एक दिवसही बसवू नका. बहुतेक जण यातलं पहिलं वाक्य ऐकतात आणि दुसरं सोडून देतात, म्हणून दोन्ही एका दमात लिहिलीत.

आता कारणं. ती मुलगी आहे की नाही, हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलेलंच नाही. ते तिने सांगितलंय, आणि हजेरी घेताना, हाक मारताना, वर्गात तिला मुलगी म्हणून वागवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. तुमच्यापुढे असलेला प्रश्न बराच लहान आहे: मुलींचा वेगळा गट आपण मुळात कशासाठी ठेवला?

याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडतं, तेही एकाच शर्यतीत. साताऱ्याची ललिता बाबर २०१६ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता आणि त्यावर ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. बीडचा अविनाश साबळे २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये हीच शर्यत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. फरक ७० सेकंदांचा. त्यातही बायकांचे अडथळे ७६.२ सेंटिमीटर उंच असतात आणि पुरुषांचे ९१.४. एकच खुला गट असता तर ललिताचं नाव माण तालुक्याबाहेर कुणाला कळलं नसतं. तिची मेहनत अविनाशपेक्षा कमी होती असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. मग फरक कुठून आला?

वयात येण्यातून. रोज ग्राउंडवर उभं राहणाऱ्याला हे पुस्तकात शोधावं लागत नाही. दहा-अकरा वर्षांच्या बॅचमध्ये मुलं-मुली एकत्र पळतात आणि पहिल्या तिघांत एखादी तरी मुलगी हटकून असते. त्या वयात उंचीही बऱ्याचदा तिचीच जास्त असते. मग सातवी-आठवीची सुट्टी संपते. जूनमध्ये मुलगा येतो तो आवाज फुटलेला, जुने स्पाइक्स पायात न जाणारा, पँट घोट्याच्या वर गेलेला. दिवाळीपर्यंत तो त्या मुलीच्या पुढे निघून जातो, पुष्कळदा तिच्यापेक्षा कमी सराव करून. ती मुलगी मग विचारते, "मॅडम, माझं काय चुकतंय?" तिचं काहीही चुकत नसतं. तिच्या शेजारच्या मुलाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन मिळालंय, तिला मिळालेलं नाही, एवढंच.

आकड्यांत सांगायचं तर बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन लिटरमागे साधारण ०.१ ते १.८ नॅनोमोल असतं, पुरुषांत ७.७ ते २९.४. मधल्या पट्ट्यात जवळपास कुणीच नसतं. उंची, हातापायांची लांबी, हृदयाचा आणि फुप्फुसांचा आकार, हिमोग्लोबिन, स्नायूंची जाडी, हे सगळं त्या फरकाच्या मागे मागे येतं. परिणाम खेळागणिक बदलतो. धावण्यात दहा-बारा टक्के, लांब उडीत वीसच्या आसपास, वजन उचलण्यात तीसच्या पुढे. गोळाफेकीत तर तुलनाच नको म्हणून गोळाच वेगळा ठेवलाय, पुरुषांना ७.२६० किलोचा आणि बायकांना ४ किलोचा.

तुमच्या विद्यार्थिनीचे ५५ सेकंद आता याच नजरेने बघा. मुलांमध्ये या टायमिंगवर ती विभागाच्या पुढे जाणं कठीण आहे. मुलींमध्ये याच टायमिंगवर ती राज्याच्या पदकाची दावेदार आहे, कदाचित त्याच्याही पुढे. बायकांचा राष्ट्रीय विक्रम ५०.७९ आहे, हिमा दासने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये केलेला. तेवढ्या वेळात धावणाऱ्या १९ वर्षांखालच्या मुलाला राज्यस्पर्धेत पदकाची खात्री देता येत नाही. भारतातल्या आजवरच्या सगळ्या बायकांतली सर्वोत्तम वेळ आणि एका राज्यातला चांगला शाळकरी मुलगा, एवढं हे जवळ आहे. इथे तिने कुणाला फसवलंय असं मी अजिबात म्हणत नाहीये. मुलगी असल्याचं नाटक करून पदक मिळवायला कुणी येतं हा आरोप मला नेहमीच हास्यास्पद वाटत आलाय. तिच्या आयुष्यात सध्या जे चाललं असेल ते एका पदकासाठी कुणी ओढवून घेत नाही. पण कुणी फसवत नसतानाही शर्यत असमान असू शकते.

आणि आपल्याकडे पदक म्हणजे नुसतं पदक नसतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. राज्यस्तरावर नाव आलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण. अंतिम फेरीच्या आठ लेनमधली एक लेन म्हणजे एखाद्या मुलीच्या घरातली पहिली सरकारी नोकरी असू शकते. युरोपातल्या चर्चा वाचून आपण इथले निर्णय घेतो तेव्हा ही बाजू निसटते. तिकडे शाळेच्या स्पर्धेत कोण जिंकलं याने कुणाचं घर चालत नाही.

यावर नेहमी येणारा युक्तिवाद असा: मायकेल फेल्प्सचे हातही जगावेगळे लांब होते, मग त्याला का नाही अडवलं? प्रत्येकाच्या शरीरात काहीतरी देणगी असतेच. खरं आहे. गटाच्या आतल्या देणग्या आपण मोजतच नाही, त्या शोधायलाच तर स्पर्धा असते. पण गटाची सीमा ज्या एका गोष्टीवर आखलीय, ती गोष्ट देणगी म्हणून आत घेता येत नाही. १४ वर्षांखालच्या गटात १७ वर्षांचा मुलगा आला आणि म्हणाला की मी अशक्त आहे, माझं टायमिंग या मुलांएवढंच आहे, तरी आपण त्याला घेत नाही. महाराष्ट्रातल्या मैदानांवर गटांची सगळ्यात मोठी लबाडी याच बाबतीत चालते, जन्मतारखेच्या. माझ्याकडे वय ठरवायला काढलेल्या मनगटाच्या एक्स-रेच्या फिल्म घेऊन येणारे पालक मी सतत बघते. ट्रान्स खेळाडूंवरून पेटून उठणारे अनेक जण स्वतःच्या मुलाचं वय दोन वर्षांनी कमी लावून मोकळे झालेले असतात, हेही जाता जाता लिहून ठेवते.

आता गोळ्यांचा प्रश्न. इथे 'अवलंबून आहे' म्हणावं लागतं, पण कशावर ते सांगता येतं.

टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन सुरू झाल्यावर सगळ्यात आधी हिमोग्लोबिन उतरतं. तीन-चार महिन्यांत ते बायकांच्या पातळीवर येतं, म्हणजे लांब अंतर धावणाऱ्याला फरक लवकर जाणवतो. स्नायूंचं तसं नाही. वर्षभराने ताकदीत आणि स्नायूंच्या आकारात साधारण ५ टक्के घट दिसते, पुढे ती संथपणे वाढते. हाडं, उंची, खांद्यांची रुंदी तिथेच राहते. अमेरिकी हवाई दलातल्या ट्रान्स बायकांच्या नोंदींवर २०२०मध्ये एक अभ्यास आला. उपचारांआधी त्या बाकीच्या बायकांपेक्षा ३१ टक्के जास्त पुश-अप्स काढत होत्या. दोन वर्षांनी ते अंतर मिटलं. दीड मैल धावण्यात मात्र दोन वर्षांनंतरही त्या १२ टक्के वेगवान होत्या. उलट दिशेचाही पुरावा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशांतून झालेल्या २०२४च्या एका छोट्या अभ्यासात ट्रान्स महिला खेळाडूंची मुठीची ताकद जास्त निघाली, पण वजनाच्या मानाने उडी आणि ऑक्सिजन वापरायची क्षमता कमी निघाली. ट्रकच्या चेसिसवर रिक्षाचं इंजिन बसवल्यासारखा प्रकार. त्यामुळे प्रत्येक खेळात, प्रत्येक अंतरावर फायदा तेवढाच उरतो असं म्हणणं धाडसाचं आहे. वरच्या दर्जाच्या खेळाडूंवरचे अभ्यास थोडे आहेत आणि त्यांतली माणसंही थोडी आहेत.

नियम करणाऱ्यांची दिशाही याच काळात बदलली. २०१५मध्ये ऑलिंपिक समितीचा निकष होता: १२ महिने टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलच्या खाली ठेवा आणि या. बायकांची वरची पातळी १.८च्या आसपास असताना १० हा आकडा कुठून आला, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. मग रग्बीने २०२०मध्ये, जलतरणाने २०२२मध्ये आणि वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स व सायकलिंगने २०२३मध्ये दार लावलं. पुरुषासारखं वयात आल्यानंतर महिलांच्या आंतरराष्ट्रीय गटात प्रवेश नाही, अशा अर्थाचे हे नियम आहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये आयसीसीनेही तेच केलं. त्याच सप्टेंबरात कॅनडाकडून खेळलेली डॅनिएल मॅकगाहे त्यामुळे एका मोसमात बाहेर गेली. भारताचे माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया स्वतःच्या तपासण्यांचे अहवाल पुढे ठेवून या नियमाविरुद्ध जाहीरपणे बोलते आहे. माणूस बघा, सरसकट दार लावू नका, असं तिचं म्हणणं. ते ऐकून घेण्यासारखं आहे, आणि क्रिकेटसारख्या कौशल्याच्या खेळात त्याला वजनही आहे. तरी ४०० मीटरला ते लावायला मी तयार नाही. या शर्यतीत कौशल्य थोडं आणि शरीर फार.

म्हणून तुमच्या गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर: गोळ्या सुरू झाल्या म्हणून पुढच्या मोसमात उत्तर बदलणार नाही. जिचं मुलासारखं वयात येणं सुरू होण्याआधीच थांबवलं गेलं, जिच्या शरीराने तो रस्ता घेतलाच नाही, तिच्याबाबत माझं उत्तर वेगळं असतं. जलतरणाच्या नियमातही तशांसाठी जागा ठेवलेली आहे. पण १६व्या वर्षी ५५ सेकंद पळणारं शरीर त्या रस्त्याने बरंच पुढे आलेलं असतं.

तिच्या आईला दोन गोष्टी जरूर सांगा. उपचार सुरू करायचे की नाही, कधी करायचे, हे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर), मानसोपचारतज्ज्ञ आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं. त्यात स्पर्धेचं वेळापत्रक आणू नका. शर्यतीसाठी घाईने गोळ्या सुरू करणं वाईट आणि शर्यतीसाठी त्या लांबवणं त्याहून वाईट. आणि मेडिकलमधून किंवा इंटरनेटवर बघून काही घेऊ नका. दुसरी गोष्ट डॉक्टरांच्याही लक्षात पुष्कळदा राहत नाही: टेस्टोस्टेरॉन दाबायला दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन हे लघवी वाढवणारं औषध आहे आणि वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहे. कुठल्याही गटात पळा, नमुना घेतला गेला तर ते सापडणार. उपचारासाठी वापराची परवानगी आधी नाडा या भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेकडून काढून ठेवावी लागते. जन्माने मुलगी असलेला ट्रान्स मुलगा टेस्टोस्टेरॉन घेत असेल तर त्यालाही हीच परवानगी लागते. ती असली की मुलांच्या गटात त्याने पळण्याला माझी काडीची हरकत नाही.

खेळ बदलला की हे सगळं गणित बदलतं. कबड्डीत आणि कुस्तीत टायमिंगच्या आधी इजेचा विचार करावा लागतो. उलट नेमबाजीत वेगळा गट का, हाच प्रश्न आहे. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट, म्हणजे उडत्या चकत्यांवरची नेमबाजी, स्त्री-पुरुष एकत्र होती आणि सुवर्ण चीनच्या झांग शान या बाईंनी जिंकलं. १९९६ला बायकांना त्या प्रकारात जागाच उरली नाही, २०००मध्ये वेगळा गट आला. घोडेस्वारीत आजही सगळे एकत्र असतात. तुमच्या कॉलेजात रायफल शूटिंगची सोय असेल आणि तिला रस असेल तर तिथे मी इतकी अडून बसणार नाही. पण 'दुसरा खेळ घे' असं तिला आपणहून सांगायला जाऊ नका. ४०० मीटर आवडणाऱ्याला ४०० मीटरच आवडतं.

आता ज्या भागाची मला जास्त काळजी वाटते तिकडे येते. नियम एक गोष्ट आणि तो कोण, कसा लावतं ही दुसरी. भारतात या विषयाची झळ आजवर कुणाला बसली ते बघा. तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने २००६च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. ओडिशाची द्युती चंद २०१४ला ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून बाहेर काढली गेली, कारण तिचं नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन जास्त होतं. ती लोझानच्या क्रीडा लवादात गेली, २०१५मध्ये तो नियम स्थगित करून घेतला आणि २०१८च्या एशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरला रौप्य घेऊन आली. या दोघींतली एकही ट्रान्स नाही. दोघी मुलगी म्हणून जन्मल्या, मुलगी म्हणून वाढल्या. शरीराच्या घडणीतला जन्मजात फरक हा वेगळा विषय आहे, पण पेपरवाल्यांपासून पालकांपर्यंत सगळे तो ट्रान्सच्या खात्यात टाकतात. २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये हेप्टॅथलॉनचं (सात प्रकारांच्या स्पर्धेचं) कांस्य नंदिनी अगासराने स्वप्ना बर्मनला अवघ्या ४ गुणांनी मागे टाकून घेतलं. स्वप्नाने समाजमाध्यमावर तिला ट्रान्सजेंडर म्हटलं, मग ती पोस्ट काढली आणि माफी मागितली. नंदिनीच्या पहिल्या एशियाड पदकाच्या बातमीला ते चिकटलं ते चिकटलंच.

खालच्या स्तरावर हे कसं दिसतं ते मी बघितलंय. एका जिल्हास्तरीय स्पर्धेत मी वैद्यकीय टेबलावर होते. मुलींची ८०० मीटर संपली. जिंकलेली नववीतली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, केस कापलेले, आवाज जाड, दंडाच्या शिरा दिसणारी. दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील रेलिंगला लोंबकळून ओरडायला लागले, "पोरगा आहे त्यो, चेक करा!" आणि एक शिक्षिका खरोखर तिचा दंड धरून तिला पॅव्हेलियनच्या मागे घेऊन निघाली. मी आडवी गेले, आवाज चढवला, आयोजकांना बोलावलं. मुलीला पदक मिळालं. ते घेताना ती हसली नाही, आणि पुढच्या मोसमात माझ्या नजरेला कुठे पडली नाही. तिच्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं, एक हिमोग्लोबिन सोडून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिन घेऊन ८०० मीटर पळणाऱ्या मुली मी दर मोसमात बघते आणि त्यावर एकही पालक रेलिंगवरून ओरडत नाही.

वरच्या पातळीवर यावर आता सरसकट चाचणीचा तोडगा निघालाय. १ सप्टेंबर २०२५पासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या महिला गटात उतरायला एसआरवाय या वाय गुणसूत्रावरच्या जनुकाची चाचणी लागते, आयुष्यात एकदा, गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर किंवा रक्तावर. संशय आला तिलाच बाजूला काढण्यापेक्षा सगळ्यांची एकदाच तपासणी मला बरी वाटते. निदान रेलिंगवरच्या वडिलांचं काम संपतं. पण ही कल्पना नवी नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ जणींच्या चाचण्या झाल्या, आठ जणींत वाय गुणसूत्राशी जोडलेली खूण सापडली आणि आठही जणींना खेळू दिलं गेलं. त्यातल्या सात जणींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात किंवा पुरेशी दाद देत नव्हतं. म्हणजे नुसतं जनुक बघून निकाल लागत नाही, पुढचं सगळं समजून घ्यावं लागतं. खेड्यातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हा कागद कोण वाचून दाखवणार, शेजारी कोण बसलेलं असणार, याची तयारी आपल्या संघटनांनी चाचणीच्या आधी करायला हवी. शाळा-कॉलेजच्या पातळीवर तर अशी कुठलीही चाचणी, कुठलीही 'खात्री', कुणीही मागितली तरी करू नका. तुम्ही क्रीडाशिक्षक आहात. तपासणारे तुम्ही नव्हे, आणि स्पर्धेच्या मैदानावर मीही नव्हे.

तर प्रत्यक्ष करायचं काय?

आधी तिच्याशी बोला, आईसमोर आणि घाई न करता. तिला नेमकं काय हवंय ते विचारा. माझ्याकडे आलेल्या अशा मुला-मुलींच्या बाबतीत पदक हा मुद्दा फार खाली असतो. मुलांच्या रांगेत उभं राहायचं नसतं, माइकवरून जुनं नाव ऐकायचं नसतं, मुलांच्या खोलीत कपडे बदलायचे नसतात, आखूड सिंगलेट घालायची नसते. यातलं जवळपास सगळं तुमच्या हातात आहे. बिबवर, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीवर, आडनाव आणि क्रमांक पुरतो. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची टाइट्स चालतात. कपडे बदलायला शिक्षकांची खोली उघडून देता येते. निवेदकाला आधी जाऊन एक चिठ्ठी देता येते.

पदकाच्या स्पर्धेत ती मुलांच्या गटातून पळेल. तो गट खुला आहे असं समजा आणि तसंच बोला. ब्रिटनच्या ट्रायथलॉन संघटनेने २०२३पासून गटांची नावंच 'महिला' आणि 'खुला' अशी केली. वेगळा तिसरा गट काढायची सूचना कुणीतरी करेल; ती टाळा. जागतिक जलतरण संघटनेने २०२३मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात खुला गट ठेवला होता, एकही नाव आलं नाही. एकट्या मुलीला एका लेनमध्ये पळवणं म्हणजे तिचं प्रदर्शन मांडणं आहे. सराव मात्र मुलींबरोबर करू द्या, त्यांनाही पुढे पळणारं कुणीतरी मिळेल. कॉलेजच्या क्रीडा दिनाला मुलींच्या हीटमध्ये स्पर्धेबाहेर म्हणून पळू द्या, टायमिंग घ्या, क्रमांक देऊ नका. आंतरवर्गीय मिश्र रिले ठेवलीत आणि पुरुषांच्या टप्प्यावर तिला पळायचं असेल तर तेही छान. नसेल तर आग्रह नको.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा, तिचं नाव न लिहिता: अशा विद्यार्थ्याची नोंद कशी करायची, कपडे बदलायची सोय काय, पोशाखाची सवलत मिळेल का. उत्तर लेखी घ्या. आणि प्राचार्य 'कटकट नको, तिला घेऊच नका' म्हणाले तर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा, कलम १३ त्यांच्यापुढे ठेवा. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना भेदभाव न करता खेळाच्या संधी द्यायच्या आहेत, असं त्यात स्पष्ट आहे. कुठल्या गटात, ते कलम सांगत नाही. पण बाहेर बसवायची मुभाही देत नाही.

राहिले पालक. त्यांना तिच्याबद्दल काहीही सांगू नका. तिने तुम्हाला जे सांगितलं ते तुमच्या जवळच राहू द्या. एवढंच सांगा: "मुलींच्या गटात नोंद कुणाची होणार याचे नियम ठरलेले आहेत आणि मी ते पाळणार आहे. तुमच्या मुलीची लेन कुणी घेत नाहीये. पण माझ्या ग्राउंडवर कुणाच्याही शरीरावर बोललेलं मी ऐकून घेणार नाही, तुमच्या मुलीच्याही नाही." एखादा तरीही हट्टाला पेटला, तर ज्यांचं असं काही म्हणणं असेल त्यांनी ते प्राचार्यांकडे सही करून लेखी द्यावं असं म्हणा. माझ्या अनुभवात सहीचा कागद पुढे केला की निम्मे पालक घड्याळ बघून निघतात. उरलेल्यांशी बोलायची वेळ आली तर मला कळवा, वैद्यकीय बाजू मी समजावून सांगेन, नाव न घेता.